फळीचं पलीकडचं टोक

प्रिय मुकादमबाई,

पत्र बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे, दहाही बोटं जागच्या जागी आहेत. फोन असताना कागद कशाला काळा केला, असं तू म्हणणारच. पण आपल्या फोनचं काय होतं ते तुला ठाऊक आहे. फोन धरायला लेक, मध्ये तोंड घालायला नात, मागून जावयांचं ‘बाबा, बरं आहे ना’, आणि त्या गर्दीतून तू विचारतेस, जेवलात का. मी हो म्हणतो. मग नात बाहुलीचा मोडलेला हात दाखवते आणि झालं आपलं बोलणं. तुझ्या एकटीशी शेवटचं कधी बोललो ते आठवेना, तेव्हा कागद पुढे ओढला.

हातात काम चांगलं आहे. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नवं घर बांधलंय, त्यांच्या जिन्याच्या कठड्यावरच्या लाकडी पट्ट्या मी करतोय. लांबलचक, कडक लाकडाच्या, आणि वरच्या कडा गोल करून हव्यात, हात फिरवला तर कुठे अडकायला नको. राऊटर मशीनला नवं बिट, कडा कापणारं फिरतं पातं, आणायला गेलो तर दुकानदार एक खोकंच गळ्यात मारत होता, सगळ्या आकारांची स्वस्त बिटं भरलेलं. मी म्हटलं, बाबा रे, मला एकच दे, पण नीट दे. जाड दांड्याचं घेतलं, ते थरथरत नाही. टोकाला बेअरिंग असलेलं, म्हणजे ते लाकडाच्या कडेला टेकून चालतं आणि बिट हवं तेवढंच खातं. धार नखावर टेकवून बघितली, तू बघायचीस तशी. दुकानदार गालात हसला. तू बरोबर असतीस तर त्याची हसायची छाती झाली नसती.

तू पहिल्यांदा कारखान्यात आलीस ती माझा विसरलेला डबा द्यायला. मी एका फळीशी झटत होतो, तुला म्हटलं, जरा ते पलीकडचं टोक धर. धरलंस ते धरलंसच. पुढे माझंच सगळं मला ऐकवायला लागलीस. मशीनमध्ये बसवताना बिट तळाला टेकवून आवळू नका, किंचित वर उचलून मग आवळा. मोठं बिट आहे, वेग कमी ठेवा. एका दमात सगळं खायला लावू नका, थोडं थोडं घ्या. मुकादम हे नाव उगाच नाही पडलं. आणि बिट बदलायला मी पाना उचलला की तू कुठेही असलीस तरी आवाज यायचा, “प्लग काढला का?” मी वैतागायचो. काढलेला असला की जास्तच वैतागायचो. परवा पाना हातात घेतला आणि माझं मीच मोठ्याने विचारलं. रिकाम्या खोलीत आपलाच आवाज फार वाईट लागतो गं.

आता खरी गोष्ट सांगतो. या पट्ट्यांवर डाग पडतोय. दरेक पट्टीवर, जवळपास त्याच जागी, मधोमध, बोटभर काळा. आधी वाटलं बिटावर लाकडाचा चीक बसला असेल, ते पुसून लख्ख केलं. मग वेग कमी करून बघितला. नवं कोरं बिट, त्याला काय दोष द्यायचा? शेवटी राऊटरच्या टेबलाशी उभं राहून नुसता विचार केला तेव्हा कळलं. अर्धी पट्टी पलीकडे गेली की तिचं वजन खाली ओढायला लागतं. मग मला तिला दाबून धरून पुढे सरकावं लागतं. तेवढा एक क्षण पट्टी थांबते. बिट थांबत नाही, ते जागच्या जागी फिरत राहतं आणि लाकूड करपतं. तू जिथे उभी असायचीस, तिथे आता कुणी नाही, त्याचा तो डाग.

घासला तर जातो, नाही असं नाही. पण तिथे हाताला खोलगट लागतं, आणि कठडा ही हात फिरवायचीच वस्तू. खाली टेकू द्यायला लोखंडी घोडी आणली, तर आपली जमीन अशी वाकडी की ती डुलते. मग शेजारचा वेल्डर आला मदतीला. माणूस सोन्यासारखा, पण त्याने पट्टी ओढली. एवढ्या जोरात ओढली की बिट कडेत घुसलं आणि ढलपी उडून भिंतीवर आदळली. त्यानंतर आम्ही दोघंही शहाण्यासारखे चहा प्यायला गेलो. तू कधीच ओढलं नाहीस. नुसतं पेललंस, माझ्या हाताच्या गतीने मागे मागे जात राहिलीस. हे एवढं अवघड असतं हे मला माहीतच नव्हतं, कारण ते कायम झालेलंच असायचं.

लेक म्हणते, बाबा, आता पुरे, मशीन विकून इकडेच या. तिचं चुकत नाही. जावयांनी तर गॅलरीतला एक कोपरा माझ्या हत्यारांसाठी मोकळा करून ठेवलाय म्हणे. तू बाळंतपणापुरती गेलीस, आता नात शाळेत जायला लागली. लेकीची नोकरी, तिची धावपळ, सगळं मला दिसतं. म्हणून मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. शेजारी विचारतात तेव्हाही मी हसून सांगतो, मुकादमाची बदली झाली. लोक हसतात. मी घरी येतो, एकाच माणसाचं ताट घेतो आणि उभ्याउभ्याच जेवतो, कारण बसलं की समोरची खुर्ची दिसते.

रविवारी एक माणूस राऊटर आणि टेबल बघायला येणार आहे. लेकीनेच फोनवर ठरवलं, मी हं म्हटलं. त्यानंतर लक्षात आलं की या सगळ्यात तुला कुणी काही विचारलंच नाही. लेकीने नाही, जावयांनी नाही, मीही नाही. म्हणून हे पत्र. तुला तिथेच राहायचं असेल तर मी त्या माणसाला राऊटर देतो आणि गॅलरीच्या कोपऱ्यात येऊन बसतो, कुरकुर करणार नाही. पण माझं विचारशील तर मला तू इथे हवी आहेस. हे मी आजवर म्हटलं नाही, आता म्हणतो. फोनवर उत्तर देऊ नकोस, सगळ्यांसमोर तू हसून वेळ मारून नेशील. दोन ओळी लिही. रविवारच्या आत नाही पोचल्या तर त्या माणसाला मी थांबवून धरतो. शेवटची, सगळ्यात लांब पट्टी अजून केलेली नाही. ती टेबलावर ठेवली आहे, बिट लावून ठेवलं आहे, आणि हो, प्लग काढला आहे.

तुझाच,
अलीकडच्या टोकाला उभा असलेला