नाचघराचं छत

प्रिय ठकू,

पाय बरा आहे. हाड जुळायला वेळ लागेल, पण जुळेल, असं डॉक्टर म्हणतात. छताचं प्लॅस्टर पायावर पडलं म्हणून आता पायाला प्लॅस्टर, हा विनोद इथे प्रत्येकाने एकेकदा करून झाला आहे. तुझ्या बाबांनी दोनदा. मीही हसते. पण उताणं झोपायची हिंमत होत नाही, कारण मग वर बघावं लागतं. कुशीवरच पडून असते. नेमकं काय झालं ते फोनवर तुला धड सांगताच आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

घरात तुम्ही सगळे मला भित्री भागूबाई म्हणता, आणि ते खोटं नाही. मला लिफ्टची भीती वाटते, गच्चीच्या कठड्याची वाटते. लहानपणी तू झोक्यावर उभी राहिलीस की मी डोळे मिटून घ्यायचे. जुन्या इमारती सांभाळायचं काम मला या घाबरटपणामुळेच मिळालं, असं तुझे बाबा चारचौघांत सांगतात. भिंतीला भेग दिसली की आधी मी दोन पावलं मागे सरते, मग शिडी मागते.

आमच्या संग्रहालयाची हवेली तू पाहिली आहेस, पण तिच्या पोटात काय आहे ते नाही. लोकरीच्या व्यापाऱ्याने ती बांधली, तेव्हा त्याला नाचघरात एकही खांब नको होता. नाचणाऱ्यांच्या वाटेत काही येता कामा नये. म्हणून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांबच लांब तुळया टाकल्या, त्यांना खालून लाकडी पट्ट्या ठोकल्या आणि त्यावर चुन्याची वेलबुट्टी चढवली. दर्शनी बाजूला नळ दिसला तर शोभा जाईल, म्हणून गच्चीचं पाणी उतरवणारे नळही भिंतीच्या आतूनच नेले. व्यापारी गेला, वारस पांगले, घराचं संग्रहालय झालं. वरच्या मजल्यावर जिथे पलंग आणि आरसे होते, तिथे दगडी पुतळे येऊन बसले. भिंतीतला नळ कधी फुटला कुणाला कळलं नाही. तुळयांची टोकं आतल्या आत पाणी पीत राहिली.

आधी पियानोच्या काळ्या झाकणावर पांढरी भुकटी दिसू लागली. झाडलोट करणाऱ्या मावशी रोज पुसायच्या, ती रोज पुन्हा यायची. शेवटी सुतारकाकांना घेऊन मी वरच्या मजल्याच्या फळ्या काढल्या आणि छताच्या पोकळीत शिरले. मिट्ट काळोख, कुबट वास, पोटावर सरपटत जायचं. माझ्यासारखीचं काय झालं असेल ते तूच समज. भिंतीपाशी पोचून तुळईला पेचकस लावला, तो मुठीपर्यंत आत गेला. जोरही लावावा लागला नाही. काका एवढंच म्हणाले, "बाई, आपण याच्यावरच झोपलोय."

तशीच केसांत जळमटं घेऊन मी संचालकांकडे गेले. माणूस वाईट नाही. पण दुसऱ्या संध्याकाळी तिथे मैफल होती, पाहुण्यांना निमंत्रणं गेली होती, आणि गेल्या वर्षी मी असाच गहजब करून जिना बंद करायला लावला होता, त्यात काहीच निघालं नव्हतं. त्याची त्यांनी आठवण करून दिली. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असंही हसत म्हणाले. मी वाद घातला नाही. नाचघराच्या दाराला दोरी बांधली आणि काकांना टेकू आणायला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर पियानो जुळवायला आलेले गृहस्थ दोरीखालून वाकून खुशाल आत गेलेले. एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवत होते. तेवढ्यात वरून खिळा उपटावा तसा आवाज आला. मग दुसरा. चुन्याचं एक फूल गळून पियानोवर फुटलं, आणि त्यांनी ते रुमालाने झटकलं. मी दारात थिजले. पाय कसे हलले ते आजही सांगता येणार नाही. धावत जाऊन त्यांची कॉलर धरली आणि खिडकीच्या कमानीखाली खेचलं. तिथे भिंत इतकी जाड आहे की दोन माणसं मावतात. "अहो बाई, तार तुटेल," असं ते म्हणत होते, तोच सगळं खाली आलं. धूळ खाली बसल्यावर दिसलं, पियानोच्या जागी वरच्या पुतळ्याचं दगडी डोकं पडलं होतं. ते गृहस्थ माझा हात सोडेनात, मी त्यांचा. माझा पाय ढिगाऱ्यात आहे हे मला बऱ्याच वेळाने कळलं. संध्याकाळी संचालक दवाखान्यात आले, खाटेशी बसले आणि रडले.

आता खरं ते लिहिते. परवा तू बाळाचा फोटो पाठवलास, तुमच्या नव्या बिऱ्हाडातला. जावईबापूंना तुमच्या गावच्या संग्रहालयात नोकरी आणि तिथल्या हवेलीतच राहायला खोल्या मिळाल्या म्हणून तू किती हरखली होतीस. सगळ्यांनी बाळाचं नाक कुणावर गेलंय ते बघितलं. मी पाळण्यावरचं छत बघितलं. कोपऱ्यात चहा सांडल्यासारखा डाग आहे, आणि वेलबुट्टी तिथे खाली झुकली आहे. ती हवेली आमच्या व्यापाऱ्याच्या धाकट्या भावाची, त्याच गवंड्यांच्या हातची. बाहेरून तिलाही नळ दिसत नाही. काल फोनवर सांगितलं तर तू हसलीस. म्हणालीस, "आई, तुला आता सगळीकडे छतंच पडताना दिसणार." असेल बाई. माझी भीती खोटी ठरू दे, मग जन्मभर हस मला. मला उठता येत नाही, म्हणून सुतारकाकांना टेकू घेऊन धाडलं आहे. तुला आणि बाळाला बाहेर बागेत बसवल्याशिवाय हे पत्र हातात द्यायचं नाही, असा शब्द मी त्यांच्याकडून घेतला आहे. आत्ता ते वर तुझ्या खोलीत असतील. त्यांचं बघून होईपर्यंत तू बाहेर वाचत बसावंस, म्हणून तर एवढं लांबण लावलं. ते खाली येऊन सांगेपर्यंत उठू नकोस, ठकू. बाळाचं दूध गरम करायलासुद्धा आत जाऊ नकोस.

फोन उशाशी घेऊन बसलेली,
तुझीच भागूबाई आई