बंद घराचं ताट

२ ऑक्टोबर, सोमवार

आले एकदाची इस्सिक-कुल तळ्याच्या काठी! इथल्या आरोग्यधामाच्या कचेरीत मला काम मिळालं. माझी थोरली बहीण उमसुनाई छातीच्या दुखण्यासाठी इथेच राहते. लग्नं झाल्यापासून आम्ही दोघी पहिल्यांदाच एका आवारात. तिने जर्दाळूचा मुरंबा काढून ठेवला होता. म्हणाली, शाळेत तुला फळा धड पुसता येत नव्हता, आणि आता म्हातारपणी संगणक चालवणार होय! मग लहानपणीसारखं मांडीवर डोकं ठेवू दिलं.

काम सोपं आहे. नर्स आपल्या शीटमध्ये खोलीपुढे रुग्णाचं नाव लिहिते. स्वयंपाकघराच्या शीटमध्ये तेच नाव आपोआप उमटतं, आणि त्यावरून ताटं जातात.

५ ऑक्टोबर, गुरुवार

आवारातलं तळ्याकाठचं घर बंद आहे, तरी स्वयंपाकघराच्या शीटमध्ये त्याच्यापुढे सोवेतबेक या रुग्णाचं नाव. तो तर आमच्याच इमारतीत अकॉर्डियन वाजवत असतो. स्वयंपाकीण साइरा-एजेला, म्हणजे साइराताईला, विचारायला गेले. ती बोरसोक, कणकेचे छोटे तुकडे, तळत होती. म्हणाली, गुरुवारचा तेलाचा वास गेलेल्या माणसांसाठी. त्यांचं एक ताट बंद घरात ठेवतात. नावाशिवाय ताट द्यायचं नाही असा वरून हुकूम आला, तेव्हा आधीच्या कारकुनाने शीटमध्ये ही ओळ घातली म्हणे. पण जिवंत माणसाचं नाव कसं? ती हसली. म्हणाली, मेलेले तक्रार करत नाहीत, तूच कशाला करतेस ग?

६ ऑक्टोबर, शुक्रवार

सोवेतबेक आज न्याहारीच्या टेबलावरच गेला. नर्सने त्याचं नाव काढलं. बंद घराची ओळही रिकामी झाली. साइरा-एजे आज हसली नाही.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

त्या ओळीत उमसुनाईचं नाव.

खोडलं. पुन्हा उमटलं. संगणकाला शोधायला सांगितलं, तर असं नाव नाहीच म्हणे. डोळ्यांसमोर होतं. जुन्या कारकुनाला फोन केला. तो वैतागला— एजे, तुम्ही चौकटीच्या आत शोधताय. आत नाव नसतं, दुसऱ्या चौकटीचा पत्ता असतो. वर जे दिसतं त्यात शोधा.

तसं शोधलं. सापडलं. आतला पत्ता नर्सच्या शीटचा, बहिणीच्या खोलीचा. मूळ नाव तिथे.

तेलाचा वास येत होता. साइरा-एजे ताट वाढायला घेत होती. मी मूळ नावच पुसलं.

बंद घराची ओळ रिकामी झाली. ताट गेलं नाही. वाचली.

१३ ऑक्टोबर

तिची खोली रिकामी. गादी गुंडाळलेली. नर्स म्हणते, या खोलीत कुणी नव्हतंच. साइरा-एजेने विचारलं, तुला बहीण आहे होय? बोलली नाहीस कधी.

रडू आलं नाही.

१५ ऑक्टोबर

सगळ्या शीटमध्ये शोधलं. जे दिसतं त्यात. आतही. नाही.

तिचा आवाज कसा होता— जाड होता, की—

१९ ऑक्टोबर, गुरुवार

परत लिहिलं तर ती येईल. आज गुरुवार. बंद घराची ओळही भरेल. ताट जाईल.

जाऊ दे. एकदा दिसू दे.

नर्सची शीट उघडली. तिची चौकट. बोट ठेवलंय.

उ—

पुढे काय होतं? सकाळी आठवत होतं. थोरली. माझी थोरली. आई तिला हाक मारायची—