माझे सारे रविवार ऐश्वर्याला

मी, सुशीला श्यामराव गभणे, वय ६८, राहणार स्मृति नगर, भिलाई, हे माझ्या मर्जीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे, हातही. शंका असेल त्याने परवाच्या खुर्सीपार कबड्डीचे मी काढलेले फोटो पाहावेत.

१. चौतीस वर्षे मी इस्पितळात एक्स-रे काढले. आठवडाभर लोकांना ‘हलू नका, श्वास रोका’ म्हणायचे आणि रविवारी हलणारी माणसे शोधत फिरायचे. कधी कबड्डी, कधी बास्केटबॉल, डिसेंबरात सतनामी लोकांचा पंथी नाच. कै. श्यामराव एकदा म्हणाले, “दुसऱ्याच्या तंगड्यांचे फोटो काढून तुले भेटते तरी काय?” मी म्हटले, “रविवार भेटते.” पुढे बिचारे स्वतःच स्कूटरवर सोडायला येऊ लागले.

२. घर माझ्या कमाईचे आहे. ते सून ऐश्वर्या व मुलगा शुभंकर यांना निम्मे-निम्मे. कागदावर नावे याच क्रमाने यावीत. बँकेतल्या ठेवीचेही तसेच.

३. नणंद वंदना हिने ‘वहिनी मैदानात पालथी पडून राहते’ असे अख्ख्या नात्यात सांगितले. ते खरे आहे. तसे पडूनच काढलेला तिच्या दिपालीचा भरतनाट्यमचा फोटो तिला द्यावा. इतकी वर्षे मागायला तिची जीभ रेटली नाही, आता मागावा लागणार नाही.

४. कॅमेरा, तिन्ही लेन्स व कपाटातल्या सगळ्या निगेटिव्ह एकट्या ऐश्वर्याच्या. गेल्या दिवाळीत शुभंकरने मला न विचारता हा कॅमेरा मोबाइलवर विकायला काढला होता. गिऱ्हाईक म्हणून मीच फोन केला, तेव्हा त्याची बोबडी वळली.

५. आता मुद्द्याचे. ऐश्वर्या सहा वर्षे माझ्याबरोबर मैदानावर येते. उडीचा क्षण तिला माझ्याआधी कळतो. हे लिहिणे जड जाते, पण लिहिते. मात्र घरातून ती ‘आईंना सोबत’ म्हणून निघते. मी गेल्यावर ती काय सांगून निघणार, या विचाराने माझा जीव तुटतो. वकील म्हणतात, रविवार मृत्युपत्राने देता येत नाही. तरी देते. माझे सारे रविवार ऐश्वर्याला. त्या दिवशी स्वयंपाक शुभंकर करील. त्याला खिचडी येते, मीच शिकवली आहे.

६. हार घालायला माझा स्टुडिओतला फोटो लावू नये. गेल्या डिसेंबरात पंथीत मांदर ढोलाच्या तालावर मला राहवले नाही, कॅमेरा ऐश्वर्याच्या हाती देऊन मी नाचले. तिने फोटो काढला आणि हिरमुसली.

“आई, हलला.”

“मीच हलली, त्याले काय करशील? राहू दे.”

चेहरा नीट ओळखू येत नाही. तोच लावावा. खाली माझे नाव नको, काढणारीचे लिहावे: ऐश्वर्या गभणे.

सही: सुशीला श्यामराव गभणे

सकाळचा सामना आटोपल्यावर आम्हा दोघांच्या देखत सही केली.
साक्षीदार:
गीतांजली ठवकर, निवृत्त परिचारिका, नेहरू नगर
शामसुंदर लांजेवार, कबड्डी पंच, खुर्सीपार

भिलाई, दिनांक ५ जानेवारी २०२५, रविवार