आईच्या नावाचा रकाना

६ जानेवारी, सोमवार
लहानूचा फॉर्म परत आला! अश्विननं — ऑनलाईन फॉर्म भरून देते तो पोट्टा — कागद माह्यासमोर ठेवला. "ताई, जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव भागीरथा हाये. तुमचं तं मेघा. अपंग लेकराचा विमा हाये हा, नाव जुळाले पाहिजे न."
मी मागं वळून पाह्यलं. दुकानात कोणी नव्हतं. तरी पाह्यलं.

७ जानेवारी
तोंडानं बोलाची हिंमत नाही. इथं लिहितो.
माही पहिली पोरगी, पिंकी. नवव्या दिवशी गेली. दूध पिता पिता! मंग लहानू झाला तं सासूनं त्याले तासाभरात विकला. आमच्यात असंच करतात — आधीचं लेकरू गेलं असलं तं दुसरं शेजारणीले विकाचं, सूपभर ज्वारीत. तिच्या ओटीत टाकाचं अन् मंग सांभाळाले म्हणून परत आणाचं. जे न्यायले येते ते मंग या घरून खाली हात जाते. भागीरथाबाई शेजारची. तिले लेकरूच नाही.
पण सासूनं दवाखान्याच्या फॉर्मवरही आईचं नाव भागीरथा लिहाले लावलं. "कागदावरही विकला पाहिजे. नाही तं जे न्यायले येते त्याले कळते." मी सातवी शिकली. वाचता येत होतं मले. चूप राहिली.
सहा वर्षं झाली. लहानू चालत नाही, बोलत नाही, पाय एकात एक अडकतात. पण हाये!

९ जानेवारी
डॉक्टर म्हणे, डाव्या मांडीचं हाड खुब्यातून सरकून राहिलं. दोन महिन्याच्या आत ऑपरेशन, नाही तं बसताही येणार नाही याले. लंगोट बदलवतो तं किंचाळते. विमा झाला तं ऑपरेशन होते. आमच्यानं नाही होत.
हे हिंगण्याच्या कंपनीतून शिफ्ट करून आले. "नाव बदलून घे न दाखल्यावरचं. कायले भेते?"
कायले! पिंकी थंडी पडली तेव्हा हे कंपनीत होते. मांडीवर माह्या होती.

१३ जानेवारी
दाखल्याच्या ऑफिसात गेली. खिडकीतल्या मॅडम म्हणे, "मीच याची आई, असं स्टॅम्प पेपरवर लिहून द्या. दोन-अडीच महिने लागतात."
अडीच महिने! ऑपरेशनची वेळ निघून जाईन. अन् मले बरं वाटलं. खरं लिहितो — बरं वाटलं. आता ते लिहून द्याचं काम नाही.
"बोला न ताई मोठ्यानं. तुम्हीच आई न याची?"
मागं लाईन होती. मी म्हटलं, उद्या येतो.

१४ जानेवारी
लहानू आज दाराकडे पाहून हसला. दारात कोणी नव्हतं. भर दुपारचे बारा. मी कडी लावली.

१६ जानेवारी
सासूचा गावावरून फोन. "बोलली तं नाही न कुठं?" नाही म्हटलं.

२० जानेवारी
अश्विन म्हणे, "कायले एवढं टेन्शन? दाखल्यावर जिचं नाव तिलेच आणा. आधार तिचं, सही तिची. झालं!"
भागीरथाबाईले दुकानात आणलं तं ऐकून हसली. "अवं, म्या तं सूपभर ज्वारी देल्ली वं याची! माहाच पोट्टा हाये!" मंग माह्या तोंडाकडे पाह्यलं. "तू सांग मेघा. तू नाही म्हणशीन तं नाही."
लहानू माह्या कडेवर होता. लाळ माह्या खांद्यावर.
मी म्हटलं, करा.
तिनं सही केली. हळूहळू, एकेक अक्षर. सही झाल्यावर लहानूच्या गालाले हात लावला. पहिलेही लावे. आज मले पाहवलं नाही.

२२ जानेवारी
सहीचं ह्यायले सांगितलं होतं. आज म्हणे, "खोटं तं खोटं. पोट्टा बसला पाहिजे बस."

११ फेब्रुवारी, मंगळवार
विम्याचं कार्ड आलं! लहानूचा फोटो. मान वाकडी, पण डोळे कॅमेऱ्यात. आईचं नाव — भागीरथा.
भागीरथाबाईनं आपल्या कपाटात ठेवलं. "माह्याकडंच राहू दे वं. घाईगर्दीत मलेच बोलावतीन."
बरोबरच हाये तिचं.

३ मार्च
उद्या ऑपरेशन. त्याचे केस तीनदा विंचरले.

४ मार्च, मंगळवार
ऑपरेशनच्या दारापाशी नर्स म्हणे, "बेशुद्ध होईपर्यंत आई जवळ थांबू शकते. आईच फक्त."
भागीरथाबाई उठली. लहानूनं माह्याकडे हात केले — आँ, आँ!
"हा तुमच्याकडे काहून येऊन राहिला? तुम्ही कोण याच्या?"
शेजारीण, म्हटलं मी.