दोराचं दुसरं टोक

३ नोव्हेंबर

पेटी बोटीतून धक्क्यावर फेकली ती आपटून उघडलीच. अर्धे कपडे पाण्यात. नावाड्याने आकडीच्या काठीने एकेक वर काढला. शेवटी माझा पिवळा टॉवेल काठीला लावून हलवला आणि बेटावर नवीन राज्य आलं म्हणून जाहीर केलं. धक्क्यावर सगळे हसले. मीही.

सगळे म्हणजे तिघंच. हा नावाडी, पाण्याखाली उतरायला शिकवणारे, त्यांना मास्तर म्हणतात, आणि या सगळ्याची मालकीण. आता चौथी मी. माझं काम सहली आखण्याचं. पाहुणे कुठल्या बोटीने येणार, कुठे उतरणार, भरती कधी, कोणाला कुठल्या मापाचा पोशाख. वादळांचा हंगाम संपला असं मालकीणबाईंनी मला सांगितलं, तेव्हा मास्तरांनी विचारलं, वादळांना कळवलंत का?

खोली ऑफिसच्या वर आहे. पत्रे नवे, पलंगाचा एक पाय विटेवर. जिन्याच्या भिंतीवर पाणी चढलं होतं त्याची रेघ माझ्या खांद्याला लागते. खिडकीतून धक्का दिसतो. मला खोली आवडली.

५ नोव्हेंबर

पहिली सहल आखली. ती एकट्या दादाची. बाकीचे पाहुणे पुढच्या आठवड्यापासून, त्याआधी ही रंगीत तालीम. कल्पना माझीच.

बाबा गेले तेव्हा दादाने कॉलेज सोडलं, दुकान धरलं, मला शिकवलं. त्यानंतर तो गावाबाहेर गेला तो लग्नाला, तेही स्वतःच्या. फोनवर म्हणाला, बादलीत पाय घालायला घाबरणारा माणूस मी, आणि तू मला समुद्रात बुडवायला निघालीस. खरं तर लहानपणी तो माशासारखा पोहायचा. मागून वहिनी ओरडली, न्या हो त्यांना, मला चार दिवस घर तरी आवरता येईल. मग तो बरं बाईसाहेब म्हणाला आणि फोन ठेवला. मी बराच वेळ हसत बसले.

वादळाने तळ ढवळलाय. पाणी चहाच्या रंगाचं. खाली गेल्यावर स्वतःचा हात दिसत नाही, असं मास्तर सांगतात. म्हणून इथली रीत अशी, की पाणी निवळेपर्यंत दोराशिवाय कोणी उतरायचं नाही. एक टोक उतरणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला, दुसरं वरच्या माणसाच्या हातात. वरून एक ओढ म्हणजे ठीक आहेस का. खालून एक ओढ म्हणजे ठीक. खालून भराभर ओढी आल्या तर विचार करायचा नाही, वर घ्यायचं.

दोर धरायचं काम माझ्याकडे आलंय. मास्तर म्हणाले, मांजराची शेपटी धरल्यासारखा धर. सोडायची नाही आणि चिडवायचंही नाही.

७ नोव्हेंबर

हाताला सवय व्हावी म्हणून एकटीच सराव केला. टोकाला दगड बांधून दोर धक्क्यावरून सोडला. दगड वाळूवर टेकतो ते कळतं. लाट दोराला तिरकं ढकलते तेही कळतं. सवयीने एक ओढ दिली.

खालून एक ओढ आली.

नावाड्याची खोडी, दुसरं काय. वर जाऊन पाहिलं तर तो ऑफिसात चहा पीत होता, केस कोरडे. मास्तर म्हणाले, लाट असेल. लाट नव्हती. ओढ सरळ होती.

८ नोव्हेंबर

पुन्हा. मी एक दिली, एक आली. मी भराभर दिल्या, भराभर आल्या. दोर वर घेतला. दगड, आणि माझीच गाठ.

खरं लिहायचं तर मजा वाटली. दुपारभर हेच करत बसले.

संध्याकाळी मालकीणबाईंना सांगितलं. दगड बांधून दोर सोडायचा नाही, एवढंच त्या म्हणाल्या. का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, दोर झिजतो.

१० नोव्हेंबर

मास्तर जागा बघायला उतरले. दोर माझ्याकडे. विचारलं, ठीक आलं. पुन्हा विचारलं, ठीक. मग बोटीच्या मागच्या बाजूला पाणी फुटलं आणि मास्तर खोकत वर आले. कमरेला दोर नव्हता. खाली वादळात पडलेलं झाड आहे, त्यात पाय अडकला होता. ओढून ओढून हात दुखले तरी तू ढिम्म, म्हणून माझ्यावर ओरडले. शेवटी पट्टा सोडून सुटले.

मी सांगितलं, मला ठीकच येत होतं.

सांगत होते तेव्हाही दोराला एक ओढ बसली. नावाड्याने दोर माझ्या हातून घेतला. थोडा वेळ धरला. मग सोडून दिला आणि तळहात पँटला पुसला.  

११ नोव्हेंबर

मी म्हटलं, सहल रद्द करा. मालकीणबाई म्हणाल्या, हात नवीन आहे तुझा, भास होतात. मास्तरांचंही आता म्हणणं, दोर फांदीला अडकला असेल, फांदी हलत असेल. पटण्यासारखं आहे. मला पटत नाही.

दादाला फोन केला. वहिनीने उचलला. ते केव्हाच निघाले, म्हणाली. पिशवी दोनदा भरली आणि दोनदा उपसली म्हणे. पोहायचा नवा चश्माही घेतला. मी फोन ठेवला.

१२ नोव्हेंबर

दादा आला. बोटीतून उतरताना धडपडला आणि बेट हललं म्हणाला.

उतरू नकोस म्हटलं. तो म्हणाला, इतक्या वर्षांनी मला काही करावंसं वाटतंय, आणि तूच नाही म्हणतेस?

त्याला दोराचं सगळं सांगितलं. हसला नाही, पण मागेही हटला नाही. म्हणाला, मग आपली खूण ठरवू. लहानपणी मधल्या भिंतीवर वाजवायचो ती. दोन, थांबून एक. ती आम्हा दोघांशिवाय कोणालाच माहीत नाही.

सराव केला. तो बोटीत, मी धक्क्यावर. आधी त्याचं चुकत होतं. त्याला पुन्हा पुन्हा करायला लावलं. मग हात बसला. मला बरं वाटलं. खूप दिवसांनी बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर

दादा आणि मास्तर उतरले. मास्तरांचा दोर नावाड्याकडे, दादाचा माझ्याकडे.

दोन, थांबून एक. आलं.

पुन्हा. आलं. अगदी जसं शिकवलं तसं. नावाड्याला म्हटलंसुद्धा, दादाच आहे, बघ.

मास्तर एकटे वर आले. गढुळात हात सुटला, म्हणाले. दादा आधीच वर आला असेल असं त्यांना वाटलं —

मी ओढ दिली. दोन, थांबून एक आलं.

तिघांनी मिळून खेचला. पट्टा रिकामा.

मास्तर पुन्हा उतरले. पुन्हा. काही दिसत नाही म्हणतात —

संध्याकाळ

काल तो बोटीत होता. मी धक्क्यावर. मधला दोर पाण्यात होता.

सगळा वेळ पाण्यात होता. त्याला वाटत होतं, मी त्याला शिकवतेय. मलाही वाटत होतं, मी त्याला —

१४ नोव्हेंबर

सकाळी पाणी निवळलं. तळ दिसतो.

दादा सापडला. बोट उभी होती तिच्याच खाली. दोन्ही तळहातांची साल गेलेली होती, दोर ओढून ओढून.

मालकीणबाई म्हणाल्या, घरी कळव. मी म्हटलं, थोड्या वेळाने.

आत्ता वहिनीचाच फोन आला. काल दिवसभर ह्यांनी उचलला नाही, म्हणून काळजी वाटली, म्हणाली. सगळं ठीक ना, असं विचारलं.

मी म्हटलं, ठीक.