पुसलेली पानं

पुणे

सौ. वच्छला हिस उकंडरावचा आशीर्वाद. मी ठीक आहे, गोळी रोज घेतो. तुझा गुडघा कसा आहे?

देऊळघाटहून आणलेली गव्हाची पानं प्रयोगशाळेत दिली. तिथल्या बाई म्हणाल्या, "बाबा, यावर तांबेरा कुठं आहे?" मोठ्या लोकांकडं मळकं कशाला, म्हणून तू पानं पुसून बांधली होतीस. त्यांना रोगाची ती तांबडी भुकटीच हवी होती. यंत्र तिच्यातली जनुकं तुकड्यातुकड्यांनी वाचतं, मग ते तुकडे जोडून तांबेऱ्याचं कूळ लावतात.

आता आपल्या आणि शेजारच्या सुखदेवच्या, दोन्ही रानांतली पानं न पुसता कोरड्या कागदात पोस्टानं पाठव. "तुह्या जुन्या बियाण्यानं माह्या गव्हाले तांबेरा लावला," असं तो गावभर सांगतो ना? दोन कुळं वेगळी निघाली, की त्याचं तोंड बंद.

तोवर रोगाच्या नावाखाली त्याला आपला गहू नांगरून मोडू देऊ नको. दोन्ही रानांमधल्या धुऱ्यावर खाट टाकून बस. मला इथं घास गोड लागत नाही, पण निकाल घेतल्याशिवाय हलणार नाही. एकच कूळ निघालं, तर आपल्या गव्हात नांगर मीच घालीन. सुखदेवनं नाही.

उकंडराव