चारूचा ‘क’

सांगली,
ता. ११ नोव्हेंबर १९४६

तीर्थस्वरूप भाऊजी यांस,
शरयूचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आम्ही इकडे खुशाल. यांचा खोकला हटला. हळद पाठवली होती, ती पोचली असेल.

तुमचं पत्र यांनी माझ्या हातात दिलं आणि उत्तर तूच लिही म्हणाले. तुम्ही लिहिलंत, ‘पाच वर्षांची घोडी झाली तरी काकाला ताता म्हणते. तिला साताऱ्याला पाठवा, महिन्यात जीभ सरळ करतो.’ भाऊजी, तिची जीभ तुम्ही एकदा सरळ केलीत, तेवढं पुरे. चारू येणार नाही.

जीभ वळावी म्हणून वेखंड मधात उगाळून सगळेच चाटवतात. आम्ही तिकडे साताऱ्याला असताना तुम्ही कोरडी कांडी तिच्या जिभेवर खसाखसा घासलीत. का, तर पाहुण्यांसमोर ती ताता म्हणाली आणि ते हसले. एवढ्याशा पोरीनं म्हणे तुमची अब्रू घालवली. तीन दिवस तिला मऊ भातही गिळवेना. पुढे दोन महिने ती बोललीच नाही, नुसतं बोटानं दाखवायची. तुम्ही म्हणालात, नाटकं आहेत.

इथे आमच्याकडे भांडी घासायला मनुबाई येतात. त्या म्हणाल्या, “आवं बाई, बोलंल की ती. तिच्या मागं लागू नगा.” रोज सकाळी चारूला शेजारी घेऊन त्या गुळण्या करायच्या. माना मागे टाकून दोघी घशात पाणी खुळखुळवायच्या आणि पोरगी खिदळायची. एक दिवस पाणी थुंकून टाकलं तरी तो आवाज तिच्या घशात राहिला. मग आठवडाभर घरात काकडी, कावळा, कपबशी. मध्येच त पुन्हा यायचा. मी टोकलं नाही, आपलं नीट बोलत राहिले. एवढंच लागत होतं हो तिला.

एक गोष्ट यांनाही सांगितलेली नाही. इथेही लिहायची नव्हती. त्या दिवशी तुम्ही ‘हात धर तिचे’ म्हणालात आणि मी धरले. तुम्हाला घाबरून धरले. ती सारा वेळ माझ्याकडे बघत होती. तुमचा राग येतो, त्याहून माझा मला जास्त येतो.

आत्ता तिला विचारलं, काकांना काय लिहू? आता तुला काका म्हणता येतं ना?

“येतं. पण त्यांना नाही म्हणणार.”

मी तिला ‘म्हण’ म्हटलं नाही.

आजवर पत्राखाली ‘आपली आज्ञाधारक’ लिहीत आले. आज नुसती,

चारूची आई
शरयू